मोहोळाचा डोंगर आणि दौंडचा डॉक्टर

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल सौताड्याला गेली होती. बीडहून पाटोद्यावरून जामखेडकडे जाताना बालाघाटाचे पठार एकाएकी संपते आणि खाली दरी उघडते. विंचरणा नदी तिथे कड्यावरून खाली पडते. पावसाळ्यात तिचा आवाज वरपर्यंत येतो. हिवाळ्यात पाण्याची एक बारीक धार उरते आणि तेव्हा कडा नीट पाहता येतो. त्या कड्याच्या कपारींत आग्या मोहोळे लटकलेली होती. काळी, जड आणि लांबून पाहिली तर कोणी घोंगडी वाळत घातल्यासारखी दिसणारी. तिथल्या एका म्हाताऱ्या गुराख्याने आम्हाला आधीच बजावले होते, "मास्तर, पोरांना ओरडू देऊ नका आन् कुनी काडी पेटवू नका."

आमची शाळा उर्दू माध्यमाची. सातवी-आठवीची चाळीस मुले हळू आवाजात बोलत ती मोहोळे पाहात होती. एकाने सूरह नहलची आठवण काढली. डोंगरांत, झाडांत आणि माणसांनी उभारलेल्या मांडवांत घरे करण्याचा इशारा मधमाशीला मिळाला, हे त्या मुलांना मकतबपासून ठाऊक आहे. "सर, ये वोइच पहाडवाली मख्खियाँ हैं," तो म्हणाला. मी हो म्हणालो आणि बोलता बोलता त्यांना सांगितले की अशा मोहोळांवर मराठीत एक चित्रपट आहे, 'जैत रे जैत'. तो डॉक्टर जब्बार पटेल यांनी काढला.

मोहोळे विसरून मुलांनी दुसऱ्याच गोष्टीवर बोट ठेवले. "सर, ये जब्बार पटेल अपने में के हैं क्या?"

प्रश्न निरागस होता. मराठी चित्रपट म्हणजे दुसऱ्यांचा, ही गोष्ट त्या मुलांनी न शिकवता शिकलेली होती. मी सरळ उत्तर दिले नाही. परतीच्या वाटेवर बसमध्ये मात्र तोच प्रश्न माझ्या डोक्यात घोळत राहिला. 'अपने में के' म्हणजे नेमके कोणाचे? त्या चित्रपटाचा इतिहास नीट पाहिला तर या प्रश्नाचे एक उत्तर त्यात सापडते. तेच इथे मांडतो आहे.

वाटाण्याच्या रोपापासून

मराठी माणसाने कॅमेरा हाती घेतला तो प्रयोग म्हणूनच. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्यासमोर कॅमेरा लावून ठेवला. ठरावीक अंतराने एक-एक चित्र ते घेत राहिले. कित्येक दिवसांची वाढ मिनिटभरात पडद्यावर उलगडली. 'अंकुराची वाढ' या नावाने ती चित्रफीत ओळखली जाते. ही चित्रफीत दाखवून त्यांनी भांडवल जमवले आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या प्रेक्षकांसमोर आला. म्हणजे भारतीय चित्रपटाचे पहिले पात्र मातीतून वर येणारे एक रोप होते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

पुढे चित्रपट स्टुडिओत गेला. कोल्हापूर आणि पुण्याच्या कंपन्यांनी मोठी कामे केली, परंतु बोलपट आल्यावर आवाज बंदिस्त जागेतच नीट धरता येई, त्यामुळे जंगल, नदी, चांदणी रात्र हे सारे कापड, रंग आणि दिवे यांनी तयार होऊ लागले. खेडे दिसे ते पाटलाच्या वाड्यापुरते आणि तमाशाच्या फडापुरते. सत्तरच्या दशकात तर दादा कोंडके यांच्या विनोदाने चित्रपटगृहे भरून वाहात होती. 'सोंगाड्या' १९७१ चा, 'पांडू हवालदार' १९७५ चा. त्यांच्या लोकप्रियतेला नावे ठेवण्याचे कारण नाही; कष्टकरी माणूस पोट धरून हसला, ही छोटी गोष्ट नव्हे. पण डोंगरात राहणारा माणूस त्या पडद्यावर नव्हता.

त्याच सुमारास देशात दुसरा एक प्रवाह सुरू झाला होता. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या छोट्या कर्जांवर नवे दिग्दर्शक स्टुडिओबाहेर पडले. मृणाल सेन यांचा 'भुवन शोम' १९६९ साली गुजरातच्या ओसाड वाळूत घडला. मणी कौल यांनी 'दुविधा' राजस्थानच्या खेड्यात जाऊन केला. पुण्यात तर १९७६ मध्ये युक्त नावाच्या सहकारी गटाने 'घाशीराम कोतवाल' चित्रपटात आणला. त्या गटात मणी कौल यांच्याबरोबर सईद मिर्झा, के. हरिहरन आणि कमल स्वरूप होते. हे चित्रपट महोत्सवांत गाजले, पण सामान्य प्रेक्षकापर्यंत फारसे पोहोचले नाहीत. प्रयोग करायचा आणि तो गावच्या माणसालाही गुणगुणता यायला हवा, असे दोन्ही साधणारे थोडे. 'जैत रे जैत' त्या थोड्यांपैकी एक.

एक डॉक्टर, एक ड्रॉईंग मास्तर

जब्बार पटेल यांचा जन्म १९४२ चा, पंढरपूरचा. वडील रेल्वेत नोकरीला. शिक्षण सोलापुरात झाले. ज्या सोलापुरात पुढे १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेच हे शहर. मराठवाड्यात आणि सोलापूर भागात मुसलमान पटेल गावोगाव आहेत; वतनदारी आणि शेती यांतून आलेले हे आडनाव. घरात दखनी आणि दारात मराठी, ही आपल्यापैकी अनेकांची परिस्थिती. पटेलांच्या बाबतीत दाराबाहेरची मराठी फार लवकर रंगमंचाची मराठी झाली.

पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात ते डॉक्टर होण्यासाठी गेले आणि तिथे नाटकवाल्यांच्या घोळक्यात मिसळले. मोहन आगाशे त्याच कॉलेजचे. पुढे मनोविकारतज्ज्ञ झाले. सतीश आळेकरही त्याच आवारातले, विषय जीवरसायनशास्त्र. विजय तेंडुलकरांचे 'अशी पाखरे येती' पटेलांनी १९७० साली बसवले. १६ डिसेंबर १९७२ रोजी 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. त्या नाटकात माणसांचीच एक भिंत रंगमंचावर उभी असते. ती गाते, नाचते, गुन्हा झाकते आणि उघडाही करते. नाटकावर वादळ उठले. ज्या संस्थेने ते उभे केले होते तिने प्रयोग थांबवले, तेव्हा या मंडळींनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि नाटक पुढे नेले. ही सारी उलाढाल चालू असताना पटेल दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून दवाखाना चालवत होते. दिवसा पोरांना तपासायचे आणि मग पुण्याला तालमीसाठी जायचे.

त्यांना चित्रपटाकडे ओढून आणले ते आपल्याच शेजारच्या गावाने. सौताड्यापासून जवळच असलेल्या जामखेडचे रामदास फुटाणे हे चित्रकलेचे शिक्षक. कवी म्हणून पुढे सारा महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला. या ड्रॉईंग मास्तरांनी निर्माता व्हायचे ठरवले, तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेलांनी 'सामना' दिग्दर्शित केला. डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले यांच्या त्या चित्रपटात साखर कारखान्याच्या जिवावर सत्ता भोगणारा पुढारी आणि त्याला साधा प्रश्न विचारत राहणारा एक मास्तर आहे. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात गेला. उसाच्या फडावर ज्या जिल्ह्यातली माणसे दसऱ्यानंतर बैलगाड्या जुंपून जातात, त्या जिल्ह्याच्या शिवेवरच्या एका शिक्षकाने हे धाडस केले होते. मी शिक्षक असल्यामुळे ही गोष्ट मला जास्त मोलाची वाटते, हे कबूल करतो.

लिंगोबाच्या डोंगरावर

'सामना'नंतर तशाच धर्तीचा दुसरा राजकीय चित्रपट काढणे सोपे होते. पटेल डोंगरात गेले.

'जैत रे जैत' ही गो. नी. दांडेकरांची कादंबरी. पनवेलजवळच्या कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका ज्यांनी मुंबई-गोवा रस्त्यावरून पाहिला असेल, त्यांना तिची पार्श्वभूमी लगेच कळेल. साधारण सव्वाशे फूट उंच असा तो काळ्या दगडाचा खांब आहे आणि त्याच्या अंगाला आग्या मोहोळे लागतात. दांडेकरांनी त्याला ठाकरांच्या श्रद्धेतला लिंगोबा केला. भगताचा मुलगा नाग्या लहानपणापासून प्रश्न विचारणारा आहे. राणीमाशी पुण्यवंतालाच दिसते, असे त्याने ऐकले आहे. आपण पुण्यवंत व्हायचे आणि तिला पाहायचे, हा ध्यास तो घेतो. पण माश्या त्याला डसतात आणि त्याचा एक डोळा जातो. श्रद्धेचे रूपांतर वैरात होते. ती मोहोळे खाली उतरवल्याशिवाय राहायचे नाही, अशी शपथ तो घेतो. नवऱ्याला सोडून आलेली चिंधी त्याच्यावर जीव लावते आणि त्याच्या या वेडात भागीदार होते. शेवटी नाग्या जिंकतो. 'जैत' म्हणजे विजय. पण चिंधी उरत नाही.

ही कथा म्हणून पाहिली तर लोककथेइतकी साधी आहे. तिचा चित्रपट करायचा म्हणजे डोंगर, झाड, पाऊस, धूर आणि माशी यांना पात्रे करायला हवे होते. हे काम कापडाच्या पडद्यासमोर होणारे नव्हते.

आज खिशातल्या मोबाईलवर तासभर चित्रण करणाऱ्या मुलांना त्या काळाची अडचण समजावून सांगावी लागते. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट खाते. चारशे फुटांचे एक रीळ साडेचार मिनिटांच्या आत संपते. कच्ची फिल्म महाग आणि तिच्यावर आयातीची बंधने, त्यामुळे एक दृश्य पुन्हा-पुन्हा घेणे म्हणजे पैशाला आग लावणे. काय टिपले गेले हे डोंगरावर कळत नाही. रीळ मुंबईच्या प्रयोगशाळेत धुऊन निघेपर्यंत वाट पाहायची. चकचकीत पत्र्यांच्या रिफ्लेक्टरवर ऊन झेलून ते चेहऱ्यावर पाडायचे आणि ढग आला की सारे थांबायचे. कॅमेऱ्याची घरघर अशी की जागेवरचा आवाज बहुधा टाकून द्यावा लागे आणि संवाद नंतर स्टुडिओत पुन्हा बोलावे लागत. त्या काळी बाहेर चित्रण करणाऱ्या प्रत्येकाला या साऱ्यातून जावे लागे. डोंगरात ते दुपटीने अवघड, कारण तिथे सामान माणसांच्या डोक्यावरून जाते.

आणि माशी तर कोणाचे ऐकत नाही. आग्या माशी पाळता येत नाही. ती पेटीत राहात नाही. उघड्यावर, उंच कड्याला किंवा फांदीला एकच मोठे पोळे बांधते आणि ऋतू पालटला की सारे बिऱ्हाड उचलून दुसरीकडे जाते. एका पोळ्यावर हजारो कामकरी माश्या अंगाला अंग लावून थरावर थर बसलेल्या असतात. राणी त्या थरांच्या आत असते. नाग्याला सांगितले गेले ते इतके खोटे नव्हते. खालून पाहणाऱ्याला राणी खरोखर दिसत नाही. कामकरी माशी डसली की तिचा काटा कातडीत अडकतो आणि ती स्वतः मरते, पण त्या काट्याच्या वासाने बाकीच्या चवताळून उठतात. सौताड्याच्या गुराख्याने काडी पेटवू नका म्हटले, त्यामागे हे शहाणपण होते. मध काढणारे धूर वापरतात तो रात्री, बेताने आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने. दांडेकरांनी एका माणसाचे वैर नेमके अशा जिवाशी लावले की ज्याला शिक्षा करताच येत नाही. मी वर्गात विज्ञानही शिकवतो, म्हणून मला वाटते की या कथेची शोकांतिका माशीच्या देहरचनेतच दडलेली आहे.

सारेच पाहुणे

आता 'अपने में के' या प्रश्नाकडे येतो. हा चित्रपट कोणाचा होता, हे पाहण्यासाठी तो करणारी माणसे कुठली होती ते पाहू.

कादंबरीकार दांडेकर जन्माने वऱ्हाडातल्या परतवाड्याचे. पायी भटकून, किल्ल्यांच्या वाटांवर राहून त्यांनी मावळची आणि कोकणची माणसे जाणली. गाणी लिहिणारे ना. धों. महानोर अजिंठ्याच्या पायथ्याच्या पळसखेडचे, म्हणजे आपल्या मराठवाड्याचे. १९६७ च्या 'रानातल्या कविता'मुळे त्यांचे नाव झाले होते, पण त्यांचे रान कोरडवाहू शेताचे. कोकणच्या डोंगरातले नव्हे. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे आणि निर्मिती उषा मंगेशकरांची. पटकथा-संवादाच्या कामात सतीश आळेकर. नाग्या झाले मोहन आगाशे, पेशाने मनोविकारतज्ज्ञ. चिंधी झाली स्मिता पाटील; तिचे घराणे खानदेशातले. निळू फुले भगताच्या भूमिकेत होते. ते सेवादलात घडलेले आणि एके काळी पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेले. आणि दिग्दर्शक पंढरपूरचा मुसलमान, दौंडचा बालरोगतज्ज्ञ.

यांच्यापैकी एकही जण ठाकर नव्हता. त्या डोंगरावर सारेच पाहुणे होते. पाहुण्याने कसे वागायचे याची एक रीत असते. घरच्यांची बोली ऐकायची, त्यांच्या चालीने चालायचे, आपले शहाणपण उंबऱ्याबाहेर ठेवायचे. या मंडळींनी पुस्तकी मराठी टाकून ठाकरी वळणाची बोली घेतली. गाण्यांमध्ये ढोलाचा ठेका आणि डोंगरात घुमणारा आवाज आणला. डझनाहून अधिक गाणी आहेत, पण ती मध्येच थांबवून ऐकवलेली नाहीत; कथा गाण्यांतून सांगितली जाते आणि गाण्यांतूनच पुढे सरकते. 'घाशीराम'मध्ये जी माणसांची भिंत गात होती, तिचे काम इथे रानाने आणि गाणाऱ्यांच्या आवाजाने केले, असे मला वाटते. रंगमंचावर सापडलेली युक्ती पटेलांनी मोकळ्या आभाळाखाली तपासून पाहिली. आशा भोसले, लता मंगेशकर, रवींद्र साठे आणि चंद्रकांत काळे यांनी गायलेली ती गाणी आकाशवाणीवरून आमच्या घरापर्यंत पोहोचली. माझे वडील मराठी वृत्तपत्र वाचत नसत, पण रेडिओवर त्यातले गाणे लागले की आवाज मोठा करायला सांगत.

१९७७ च्या चित्रपटांसाठीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार 'जैत रे जैत'ला मिळाला. त्याच वर्षी 'भूमिका'साठी स्मिता पाटील सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली. पुढे पटेलांनी १९७९ मध्ये 'सिंहासन', १९८२ मध्ये 'उंबरठा' आणि २००० साली बाबासाहेब आंबेडकरांवरचा चित्रपट केला. राजकारण, स्त्रीचे स्वातंत्र्य, दलितांचा लढा असे विषय त्यांनी एकामागून एक घेतले. त्यांना कोणी विचारले नाही की तुमचा या विषयाशी संबंध काय. कोणी विचारले असेलही, पण त्यांच्या कामाने त्या प्रश्नाला जागा ठेवली नाही.

एक शंका, एक उणीव

इतके कौतुक केल्यावर दोन गोष्टी मोकळेपणाने बोलायला हव्यात.

पहिली ठाकरांविषयी. पाहुण्यांनी रीत पाळली खरी, पण घर कोणाचे होते? ठाकरांचे डोंगर, त्यांचा देव, त्यांचा ढोल घेऊन चित्रपट झाला. मुख्य पात्रे मात्र पुण्या-मुंबईच्या नटांनी केली. आज पन्नास वर्षे होत आली, तरी ठाकर समाजातून आलेल्या दिग्दर्शकाचे नाव आपल्या ओठांवर येत नाही. दुसऱ्याची कथा आपुलकीने सांगणे हे मोठे काम आहे. त्याला स्वतःला सांगता यावी अशी वाट करून देणे हे त्याहून लांबचे काम आहे, आणि ते एका चित्रपटाने होत नाही. नागराज मंजुळे यांनी २०१३ मध्ये 'फँड्री' केला तेव्हा डुकरे पकडणाऱ्या कैकाडी कुटुंबाची कथा त्या दुःखाला जवळून ओळखणाऱ्याने सांगितली, आणि फरक काय पडतो हे सर्वांना दिसले.

दुसरी गोष्ट आपली. मराठी बोलणाऱ्या मुसलमानाचे घर मराठी पडद्यावर किती वेळा आले? ईदचा शीरखुर्मा घेऊन येणारा शेजारी, एखादा इमानदार चाचा, एखादा गुंड, एवढ्यावर बहुतेक वेळा भागते. राजन खान यांच्या कथेवरून शिवाजी लोटन पाटील यांनी 'हलाल' केला, तो २०१७ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात एका मुस्लिम घरातली वेदना आली. ती आवश्यकच होती. पण तलाकाच्या पलीकडेही आपले जगणे आहे. उसाच्या फडावर जाणारे मुसलमान मजूर आहेत, बागवान आहेत, पिंजारी आहेत, मुलींना शिकवण्यासाठी रोज भांडणाऱ्या आया आहेत. त्यांचा 'जैत रे जैत' अजून झालेला नाही. जब्बार पटेलांनी तो केला नाही, याबद्दल त्यांच्याकडे तक्रार करणे मला पटत नाही. त्यांनी ठाकरांकडे जाऊन दाखवले. आपल्याकडे यायचे काम आपल्यालाच करावे लागेल.

साधने नाहीत, ही सबब मालेगावच्या पोरांनी केव्हाच मोडून काढली आहे. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. कॅमेरा उंच नेण्यासाठी क्रेन नव्हती, तर बैलगाडी कामाला लावली. कॅमेरा सरकवण्यासाठी सायकल घेतली. काम करणारे यंत्रमागावरचे कामगार आणि दुकानदार. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटाने ही धडपड जगापुढे नेली आणि २०२५ मध्ये त्यावर रीमा कागती यांचा मोठा हिंदी चित्रपटही चित्रपटगृहांत आला. मालेगावच्या चित्रपटांना कोणी प्रायोगिक म्हणणार नाही. पण फाळक्यांची वाटाण्याची कुंडी आणि मालेगावची बैलगाडी यांत मला एकच वृत्ती दिसते. हातात जे आहे त्यातून पाहायला शिकायचे.

वर्गातला पडदा

सहलीनंतर मी मुलांना 'जैत रे जैत' दाखवायचे ठरवले. शिक्षकांच्या खोलीत थोडी कुरबुर झाली. एका सहकाऱ्याचे म्हणणे, यात दारू आहे, भगत आहे, नवरा सोडलेली बाई आहे. आपल्या मुलांचा याच्याशी काय संबंध? आणि मराठी तर त्यांना समजणारच नाही. मी वाद घातला नाही. निवडक भाग दाखवतो, पुढे-मागे मीच समजावून सांगतो, एवढे म्हणालो. वर्गाच्या खिडक्यांना चटया लावल्या, भिंतीवर चादर बांधली.

भाषेचे जे झाले ते मला अपेक्षित नव्हते. सुरुवातीला मुले अडखळली. मग मी त्यांना सांगितले की ही पुस्तकातली मराठी नाही. जशी आपली दखनी लखनौच्या उर्दूसारखी नाही, तशी ही ठाकरी पुण्याच्या मराठीसारखी नाही. आपण घरात 'नक्को' म्हणतो, तो शब्द मराठीच्या 'नको'तून आला. हे ऐकून मुले हसली आणि सैल झाली. परीक्षेत मराठीला घाबरणारा एक मुलगा दहा मिनिटांनी शेजारच्याला नाग्याचे बोलणे दखनीत उलगडून सांगू लागला. शुद्ध भाषेच्या दरवाजातून त्याला कधी आत येता आले नव्हते. बोलीच्या खिडकीतून तो शिरला.

नाग्याचा डोळा जातो तेव्हा वर्ग शांत झाला. चिंधीसाठी दोघी मुली रडल्या. संपल्यावर ज्याने सौताड्याला प्रश्न विचारला होता तोच उभा राहिला. मला वाटले, आता तो पुन्हा जब्बार पटेलांविषयी विचारील. त्याने विचारले, "सर, नाग्या को किसी ने बोला क्यों नईं के रानी अंदर रहती? दिखतीच नईं?"

मी म्हणालो, "त्याला सांगणारा शिक्षक नव्हता."

मुले हसली. मी हसण्यावारी नेले, पण तो प्रश्न बरोबर होता. इतक्या वर्षांत मी तो चित्रपट कितीदा पाहिला, पण मला तो सुचला नव्हता. दुसऱ्याच्या डोंगरातल्या माणसासाठी त्या मुलाचा जीव तुटत होता आणि त्याला काय हवे होते हे तो त्याच्या बाजूने पाहात होता. 'अपने में के' या शब्दांचा अर्थ त्याच्या लेखी तेवढ्या वेळापुरता तरी रुंदावला होता.

या उन्हाळ्यात आठवीची पाच-सहा मुले मिळून मोबाईलवर एक छोटी फिल्म करणार आहेत. विषय त्यांनीच निवडला आहे. बालाघाटाच्या उतारावर सीताफळे वेचून बीडच्या बाजारात आणणाऱ्या एका म्हातारीचा एक दिवस. ती कोणत्या जातीची, कोणत्या धर्माची, हे त्यांनी मला अजून सांगितलेले नाही आणि मी विचारलेले नाही. सीताफळाचा हंगाम पावसाळ्यानंतर येतो, उन्हाळ्यात झाडावर काही नसते, एवढे मात्र मी त्यांना सांगितले. त्यावर त्यांनी बेत बदलला आहे. आता उन्हाळ्यात नुसती झाडे टिपायची आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा तिथेच जायचे. तोवर तिच्याशी ओळख वाढेल, असे ते म्हणतात.